चुकलेल्या आठवड्याचे पान

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणे, सायकल आणि धाव एकापाठोपाठ करायच्या शर्यतीला, पहिल्यांदाच उतरणाऱ्याने कोणती मार्गदर्शिका हाती धरावी, यावर सध्या दोन छावण्या पडल्या आहेत. एक छावणी म्हणते, तास भरा: हळू, लांब, कंटाळवाणे, आठवड्याला 12 ते 15 तास. दुसरी विचारते, एवढा वेळ आहे कोणाकडे? आठ तासांत दमदार इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत मारलेले वेगवान तुकडे, करा; शरीर तेवढ्यात तयार होते. पुरावे दोघांचेही ठरलेले आहेत. आमचा प्लॅन पाळून इतके जण शर्यत पूर्ण करून आले, आमचे लेखक स्वतः पोडियमवर उभे राहिलेले आहेत, आमच्या पाठीशी विज्ञान आहे. मला हा सगळा वादच भलत्या जागी चाललेला दिसतो. तास किती आणि तीव्रता किती हे प्रश्न खरे आहेत, पण नवख्याच्या हातातली मार्गदर्शिका त्यांच्यावर पारखता येत नाही. माझे म्हणणे असे की, आठवड्यांचा तक्ता क्षणभर झाकून ठेवा आणि तो मोडल्यावर ही मार्गदर्शिका काय सांगते ते आधी वाचा. ताप आला, आठवडा बुडाला, नडगी दुखू लागली, तीन महिने झाले तरी पोहणे सुधारेना, अशा वेळी तिच्यापाशी कारणासकट उत्तर आहे का? असेल तर बाकीचे तपासण्यात अर्थ आहे. नसेल तर ती मार्गदर्शिका म्हणजे छापलेले वेळापत्रक, मग त्यात रंग कितीही भरलेले असोत.

आधी ‘इतके जण पूर्ण करून आले’ हा पुरावा घेऊ, कारण सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच असतो. 18 फेब्रुवारी 1978 रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर या अंतराची पहिली शर्यत झाली. अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन स्पर्धा एका दिवसात गुंफल्या होत्या: वायकीकीचे समुद्रातले पोहणे, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धाव. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. पहिले आलेले गॉर्डन हॉलर यांना 11 तास 46 मिनिटे 58 सेकंद लागले. दुसरे आलेले जॉन डनबार यांच्या मदतनिसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्यांना बिअर पाजली. या पंधरांपैकी एकाच्याही हातात या शर्यतीची मार्गदर्शिका नव्हती, असणे शक्यही नव्हते. तरी 80 टक्के लोक शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले. निव्वळ पूर्ण करणाऱ्यांच्या आकड्यावर मार्गदर्शिका विकायची असेल, तर बिअरवर आधारलेला प्लॅनही विकता आला असता.

हे पंधरा जण चारचौघांसारखे नव्हते, आधीच भरपूर पळणारे-पोहणारे होते, असा आक्षेप यावर येईल. बरोबर आहे, आणि मुद्दा तोच आहे. माणूस शर्यतीला येताना काय घेऊन येतो, म्हणजे वय, आधीचा व्यायाम, लहानपणचे पोहणे, झोप, घरच्यांची साथ, यावर इतके काही अवलंबून असते की त्यातून मार्गदर्शिकेचा वाटा वेगळा काढता येत नाही. शिवाय पूर्ण अंतराच्या शर्यतीला साधारण 17 तासांची मुदत असते. ही मुदत मुद्दाम सैल ठेवलेली आहे, आणि ते चांगलेच आहे. पण सैल चाळणीतून गेलेल्या दाण्यांवरून बियाण्याची प्रत ठरवता येईल का? त्यात आणखी एक अडचण: पहिली शर्यत माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. ती दोन वेगवेगळ्या प्लॅनने करून पाहिलेला माणूस जगात नाही. त्यामुळे ‘या प्लॅनने मला शर्यत पूर्ण करता आली’ असे कोणी लिहितो, तेव्हा तो खरे म्हणजे शर्यत पूर्ण केल्याच्या आनंदाला गुण देत असतो. आणि नवव्या आठवड्यात गुडघा धरून घरी बसलेला माणूस तर काहीच लिहीत नाही. त्याला वाटते, आपणच कमी पडलो.

‘मला लागू पडले’ याला किती वजन द्यायचे, हे ठरवायला हेरिटेज नावाचा जुना अभ्यास उपयोगी आहे. क्लोद बुशार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैठ्या जीवनशैलीच्या कुटुंबांना एकत्र करून सगळ्यांकडून 20 आठवडे एकाच साच्यातला, देखरेखीखालचा व्यायाम करून घेतला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 98 कुटुंबांतल्या 481 जणांची मोजमापे होती. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मिनिटाला सरासरी सुमारे 400 मिलिलिटरने वाढली. सरासरीच्या आत मात्र काहींची वाढ जवळपास शून्य होती, तर काहींची एक लिटरच्या पुढे. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच, देखरेखही तीच. मग एकाच्या यशावरून दुसऱ्याला प्लॅन सुचवणे म्हणजे आपल्याला स्पष्ट दिसते म्हणून आपला चष्मा शेजाऱ्याच्या नाकावर ठेवणे.

दुसरा पुरावा लेखकाच्या नावाचा. इथे समोरच्या बाजूचा मुद्दा मी आधी पूर्ण ताकदीने मांडतो, कारण तो खरोखर भक्कम आहे. सहनशक्तीच्या खेळांत प्रशिक्षक बहुधा शास्त्रज्ञांच्या पुढे राहिले आहेत. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत. प्रयोगशाळा नाही, पदवी नाही. वर्षानुवर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून त्यांनी आधी लांब, संथ धावण्याचा पाया आणि मग वेग अशी बांधणी बसवली. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालच्या पीटर स्नेल यांनी 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी 5000 मीटरचे सुवर्ण एकाच दिवशी जिंकले. या पद्धतीमागची शरीरशास्त्रीय कारणे नंतर सावकाश उलगडत गेली. तेव्हा ‘संशोधनाचा दाखला नाही म्हणून सल्ला फेकून द्या’ असे म्हणणाऱ्याला खेळाचा इतिहास माहीत नाही.

पण लिडियार्ड यांच्या अनुभवाला किंमत आली ती कशामुळे? तेच धावपटू रोज डोळ्यांसमोर होते, चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी लंगडत समोर येत होती, आणि ती पाहून ते बेत बदलत होते. पुढे जगभर गेला तो मात्र आठवड्याला 100 मैलांचा आकडा. धाव संपताना माणूस सुखाने दमलेला असावा, पिळून निघालेला नसावा, हा त्यांचा आग्रह त्या आकड्याइतका पोहोचला नाही. आकडा कागदावर उतरतो, नजर उतरत नाही. आजच्या विजेत्यांचेही तेच. नॉर्वेचे क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट आणि गुस्ताव इडेन गाजल्यावर बोटाला टोचून रक्तातले लॅक्टेट, म्हणजे जोराच्या श्रमात वाढणारे द्रव्य, मोजणे एकदम सगळीकडे पसरले. इडेन यांनी 2022 मध्ये हवाईतल्या कोना इथे 7 तास 40 मिनिटांत शर्यत जिंकली. त्या माणसाने कोवळ्या वयापासून केलेल्या हजारो तासांवर शेवटचा हात फिरवण्यासाठी हे मोजमाप असते. ज्याला सलग 400 मीटर पोहताना धाप लागते त्याने रक्ताचा थेंब मोजून काय साधणार? विजेत्याला विचारायचा प्रश्न ‘तुम्ही कसे जिंकलात’ हा नाहीच. ‘तुमच्या हाताखालचे साधे लोक कुठे अडले आणि तेव्हा तुम्ही काय बदललेत’ हे विचारा. ज्या लेखकाच्या पानांत या प्रश्नाचे उत्तर जागोजागी सापडते त्याचा अनुभव कामाचा, मग तो आयुष्यात एकदाही पोडियमवर चढलेला नसला तरी चालेल.

आता तास विरुद्ध तीव्रता. संथ सरावाच्या बाजूचे लोक 80-20 चे प्रमाण दाखवतात: 80 टक्के सराव सोपा, 20 टक्के कठीण. हे प्रमाण स्टीफन सायलर यांच्यासारख्या संशोधकांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंची सरावाची नोंद तपासून दाखवले. पण 80 टक्के कशाचे? सराव-सत्रे मोजली तर आकडा साधारण 80 च्या आसपास येतो. त्याच खेळाडूंची हृदयगतीच्या घड्याळातली मिनिटे मोजली तर सोपा भाग 90 टक्क्यांच्या घरात जातो, कारण कठीण सत्रातही वॉर्म-अप आणि मधली विश्रांती असतेच. म्हणजे दोन मार्गदर्शिका एकमेकींच्या विरुद्ध बोलताहेत असे वाटते तेव्हा कधीकधी फक्त मोजपट्टी वेगळी असते. आणि आठवड्याला वीस-वीस तास सराव करणाऱ्यांचे प्रमाण सात तासवाल्याला जसेच्या तसे लावावे का, हा तर सरळसरळ उघडा प्रश्न आहे. माझा स्वतःचा कल संथ बाजूला आहे. नवख्याला दुखापत बहुतेक वेळा हावेतून होते, आणि संथ सराव हावेला लगाम घालतो. पण हा माझा कल झाला. तो सिद्धान्त म्हणून छापला तर मीही त्याच छावणीत जाऊन बसेन.

विज्ञानाच्या शिक्क्याचे काय? हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके सांगणारे ‘220 वजा वय’ हे सूत्र आजही मार्गदर्शिकांच्या पहिल्या प्रकरणांत दिमाखात बसलेले असते आणि त्यावर पाच झोनचे, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेल्या तीव्रतेच्या पाच पायऱ्यांचे, रंगीत चित्र उभे असते. हे सूत्र 1970 च्या सुमारास उपलब्ध माहितीवरून अंदाजाने काढलेले आहे. एकेका माणसाला लावताना त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज निघते. दहा ठोक्यांच्या चुकीने झोनच बदलू शकतो. संथ सराव करतोय असे समजून माणूस महिनोन्महिने मध्यम तीव्रतेत पळत राहतो. तसाच दर आठवड्याला 10 टक्क्यांहून जास्त वाढ नको हा नियम. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या प्रयोगात पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला या नियमाने बेताबेताने वाढ दिली, दुसऱ्याला नेहमीचा वेगवान कार्यक्रम. दुखापतींचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे, सुमारे पाचात एक. म्हणून वाटेल तशी उडी घ्यावी असे अजिबात नाही. 10 हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही, एवढेच. तो सावधपणाची सोयीस्कर खूण म्हणून सांगणारी मार्गदर्शिका प्रामाणिक आहे. नियम म्हणून सांगणारीला आपण काय जाणतो आणि काय मानतो यातला फरक कळलेला नाही.

यावर एक हसून सोडून देण्याजोगा युक्तिवाद असतो: थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडते कुठे? बिघडते. पाणी पिण्याच्या सल्ल्याचा इतिहास पाहा. 1996 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या मान्यवर संस्थेचा अधिकृत सल्ला असा होता की व्यायाम करताना घामावाटे गेलेले सगळे पाणी भरून काढावे, किंवा सहन होईल तितके जास्तीत जास्त प्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नका, हे वाक्य मार्गदर्शिकांत मंत्रासारखे झाले. वास्तविक दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी 1985 मध्येच, अतोनात पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरून गंभीर झालेल्या धावपटूंची नोंद प्रसिद्ध केली होती. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा 13 टक्क्यांचे सोडियम सुरक्षित पातळीच्या खाली निघाले. 2005 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात याचा सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो शर्यतीत वजन वाढण्याशी. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत धोका अधिक होता. 2007 मध्ये त्याच संस्थेने सल्ला बदलला.

या हकिकतीतली मेख कोणाला टोचली ते लक्षात घ्या. पुढे पळणाऱ्यांना एवढे प्यायला वेळच नसतो. मार खाल्ला तो संथ, नवख्या, पुस्तक अक्षरशः पाळणाऱ्या माणसाने. म्हणजे सल्ला जितका निष्ठेने पाळला तितका धोका वाढला, आणि लांबच्या ट्रायथलॉनमध्ये तर माणूस चौदा-पंधरा तास बाहेर असतो, सायकलवर बाटल्या हाताशी असतात. आता दोन मार्गदर्शिका कल्पा. एक सांगते, दर वीस मिनिटांनी अर्धी बाटली. दुसरीही तेवढेच सांगते, पण पुढे लिहिते: हे घामाची भरपाई म्हणून आहे, सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा, वजन वाढले असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. मूळ आकडा दोघींचाही चुकलेलाच. पण दुसरीने वाचकाला ती चूक पकडायचे हत्यार दिले. मार्गदर्शिका चुकणार हे गृहीतच धरा. आज ठामपणे छापलेल्यांपैकी काहीतरी पंधरा वर्षांनी मागे घ्यावे लागणारच. तोवर वाचकाला वाचवेल ते सोबत लिहिलेले कारण.

इथे दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो मला बराच काळ पटत आलेला आहे. नवख्याला कारणे नको असतात, खात्री हवी असते. पहाटे अंधारात गजर झाल्यावर ‘हे परिस्थितीवर अवलंबून आहे’ असे सांगणारे पान कोणालाही अंथरुणातून उठवत नाही. पर्याय वाढले की माणूस गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस पुन्हा झोपतो. साध्या, आखलेल्या, न बोलणाऱ्या तक्त्याने हजारोंना सातत्य लावले आहे, आणि या खेळात सातत्याहून मोठे काही नाही. हे सगळे मान्य. डॉक्टरही प्रत्येक गोळीमागचे रसायनशास्त्र समजावत बसत नाहीत.

तरीही यातून तक्ता मुका असावा असे निघत नाही. डॉक्टर रसायनशास्त्र सांगत नसतील, पण एखादा डोस चुकला तर काय करायचे आणि अंगावर पुरळ आले तर गोळी थांबवायची, हे सांगतातच. शनिवारी साडेतीन तास सायकल आणि उतरल्याबरोबर वीस मिनिटे धाव, असा ब्रिकचा सराव तक्त्यात आहे समजा. त्या दिवशी दोनच तास मिळाले. काय कापायचे? त्या सत्राचा हेतू दमदारपणा वाढवण्याचा असेल तर धाव सोडून सगळा वेळ सायकलला द्यावा. सायकलनंतर जड झालेल्या पायांनी आवरून पळायला शिकणे हा हेतू असेल, तर सायकल कापावी आणि धाव राखावी. तक्त्यात एक ओळ जास्त असती तर माणसाने हे स्वतः ठरवले असते. ती नसल्यामुळे तो एकतर सगळेच सोडतो, नाहीतर रविवारच्या लाँग रनच्या डोक्यावर शनिवारचा उरलेला भाग लादतो. खात्री हवी म्हणून कारण गाळायचे, आणि तक्ता पहिल्यांदा मोडला की तीच खात्री अपराधीपणात बदलायची, हा सौदा नवख्याच्या फायद्याचा कसा?

आणि तक्ता मोडतोच. वीस-चोवीस आठवड्यांत आजारपण, घरातले कार्य, कामाची धावपळ, पाऊस, कंटाळा यांतले काहीच आडवे आले नाही असा नोकरीधंदा करणारा माणूस मला दाखवा. म्हणजे चुकलेल्या आठवड्याचे पान हे परिशिष्ट मानणे चूक आहे. प्रत्येक वाचकाला हमखास लागणारे असे ते पान असते. तरी बहुतेक मार्गदर्शिकांत त्याला दोन वाक्ये मिळतात: खचू नका, नव्या जोमाने सुरुवात करा. याला सल्ला म्हणत नाहीत. चांगल्या पानावर काय असावे? दोन-तीन दिवस बुडाले तर पुढे चालू लागा, मागचे भरून काढू नका. आठवडा बुडाला तर त्याआधीच्या आठवड्यावर परत या. दोन-तीन आठवडे गेले तर आधी सोपे सराव, मग तीव्रता, आणि शर्यतीचे लक्ष्य पुन्हा तपासा. ताप असेल तर सराव बंद, ‘हलका’ सुद्धा नाही. आणि कारण: फिटनेस आपल्याला वाटतो तितका पटकन ओसरत नाही. एडवर्ड कॉइल यांनी 1984 मध्ये सात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून पाहिला. 21 दिवसांनी त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 7 टक्क्यांनी उतरली होती. सातच माणसे, तीही मुरलेली, म्हणून हा आकडा नवख्याला जसाच्या तसा लावू नये. पण एका बुडालेल्या आठवड्याने आकाश कोसळत नाही एवढे त्यातून नक्की कळते. पुढच्या आठवड्यात दुप्पट कोंबल्याने मात्र नडगीचे हाड कुरकुरू शकते.

पोहण्याच्या प्रकरणाला मी वेगळी कसोटी लावतो. बहुतेक मार्गदर्शिका हिशेब मांडतात की एकूण वेळेत पोहणे दहाव्या हिश्शाच्या आसपास, तेव्हा सरावाचा वेळ सायकलला द्या. वेळ वाचवण्याच्या दृष्टीने हा हिशेब बरोबर आहे. पण अमेरिकेतल्या 2006 ते 2008 या काळातल्या ट्रायथलॉनचा आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 9 लाख 60 हजार सहभागींमागे 14 मृत्यू होते, आणि त्यांतले 13 पोहताना झाले होते. लाखामागे दीड, म्हणजे धोका छोटाच आहे. घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. पण जो काही आहे तो जवळजवळ सगळा पाण्यात आहे. तरणतलावात 3.8 किलोमीटर मारता येणे आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात, शेकडो हातापायांच्या गर्दीत श्वास ताब्यात ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छाती आवळल्यासारखी झाली तर पाठीवर व्हा, हात वर करा, मदतीला फिरणारी कयाक, म्हणजे छोटी होडी, धरून थांबा. कयाकचा आधार घेऊन पुढे सरकत नसाल तर सहसा बाद करत नाहीत. हा नियम माहीत नसल्यामुळे नवखा माणूस आपण बाद होऊ म्हणून मदतीला हात लावत नाही. ज्या मार्गदर्शिकेत वेटसूट, म्हणजे पोहण्याचा रबरी पोशाख, निवडण्यावर चार पाने आहेत आणि यावर एकही ओळ नाही, तिचे प्राधान्य कुठे आहे ते वेगळे सांगायला नको. छातीत दुखणे, व्यायामात भोवळ येणे, घरात कमी वयात हृदयविकार, असे काही असेल तर सराव सुरू करण्याआधी तपासणी करा, हेही पहिल्या पानांत हवे, शेवटच्या बारीक अक्षरांतल्या कायदेशीर मजकुरात नव्हे.

बायकांसाठीची पाने तर बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या तक्त्यावर रंग बदलून छापलेली असतात. भरपूर सराव आणि अपुरे खाणे यांनी पाळी थांबणे ही फिटनेसची खूण नव्हे, हाडांपर्यंत पोहोचणारा इशारा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला व्यापक नाव आणि चौकट दिली, पुरुषांनाही त्यात धरले. इतक्या वर्षांनंतरही ‘शर्यतीचे वजन’ या मथळ्याखाली कमी खायला सांगणारी आणि या इशाऱ्याबद्दल गप्प असणारी मार्गदर्शिका मी तरी कोणाला देणार नाही.

या गप्प राहण्याची मुळे खेळाच्या दंतकथेत आहेत. फेब्रुवारी 1982 मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, दुसरी स्पर्धक तिच्या पुढून निघून गेली आणि ती रांगत रेषेपर्यंत आली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर गेले आणि या शर्यतीला जगभर ओळख मिळाली. तिचे धैर्य वादातीत आहे. पण तेव्हापासून कोसळणे हा या खेळाचा अलंकार झाला, आणि ‘मनाची ताकद’ या नावाच्या प्रकरणांत तो अजून मिरवला जातो. एवढ्या मोठ्या अंतराला मन घट्ट लागते हे कोण नाकारेल? पण कुठले दुखणे सोसायचे आणि कुठल्या दुखण्याला थांबायचे, हे न सांगता फक्त सोसायला सांगणे याला मानसिक तयारी कसे म्हणायचे? मांड्या जळजळणे आणि एका हाडावर बोट ठेवता येईल असे दुखणे यांतला फरक अर्ध्या पानात सांगता येतो.

एवढे झाल्यावर कोणी म्हणेल, हा सगळा छापील जमान्यातला वाद आहे. आता अॅप आहे, ते चुकलेला सराव पाहून तक्ता आपोआप बदलते. काही अंशी खरे आहे, आणि जी अॅप बदलाचे कारणही दाखवतात ती याच कसोटीवर पुस्तकांहून सरस ठरतील. पण यांतल्या अनेकांच्या पोटात एरिक बॅनिस्टर यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या कल्पनेचे सोपे रूप असते: गेल्या 42 दिवसांच्या सरावाची भारित सरासरी म्हणजे फिटनेस, गेल्या 7 दिवसांची म्हणजे थकवा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे ताजेपणा. सराव भरलेला असताना हे गणित बऱ्यापैकी चालते. आता पाच दिवस तापाने अंथरुणाला खिळलेला माणूस घ्या. सराव शून्य, म्हणून थकव्याचा आकडा झपाट्याने खाली येतो, फिटनेसचा जेमतेम हलतो, आणि सहाव्या दिवशी पडद्यावर हिरव्या रंगात दिसते की तुम्ही ताजेतवाने आहात, आज कठीण सत्र घ्या. अॅपला ताप कळलेला नसतो, आणि तो कळवायची जागा त्यात आहे का हे आपण पैसे भरण्याआधी बघत नाही.